माशांची शिरगणती

माणसांची शिरगणती होते, हे आपल्याला ठाऊक आहे. कारकून दारावर येतो. घरात बाया किती, पुरुष किती, पोरे किती, ते लिहून नेतो. गाईगुरांचीही गणती होते. आपल्या पेंचच्या जंगलात तर वाघसुद्धा मोजतात. झाडाच्या बुंध्याला कॅमेरे बांधतात. वाघ समोरून गेला की त्याचे चित्र निघते. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखतात आणि मोजतात.

पण पाण्यातल्या माशांचे काय? मासा दारावर उभा राहत नाही. तो झाडाजवळून जात नाही. मग तो मोजायचा कसा?

आणि कोणी म्हणेल, “काहो, पण मासे मोजायचे तरी कायले? जाळे टाकावे, मिळेल ते खावे!”

हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर या पाठात आहे.

धीवराची विद्या

पारशिवनी तालुक्यातून पेंच नदी वाहते. वर तोतलाडोहाचे मोठे धरण आहे. खाली नवेगाव खैरीचे धरण आहे. नवेगाव खैरीहून नागपूर शहराला प्यायचे पाणी जाते. शेतांना कालव्याचे पाणी मिळते. या नदीच्या काठी धीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आले आहेत.

जुन्या धीवराला विचारून पाहा. रोहू कोणता, कतला कोणता, मरळ कुठे दडते, वाम कोणत्या महिन्यात सापडते, हे तो झटकन सांगेल. तो शाळेत गेलेला नसेल. पण माशांच्या बाबतीत तो पंडितच होय.

मात्र ही विद्या त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. म्हातारा गेला की विद्याही त्याच्याबरोबर जाते.

दुसरीही एक गोष्ट होते. समजा, आजोबांनी तरुणपणी हातभर लांबीचे मासे धरले. बापाने वीतभर लांबीचे धरले. पोरगा बोटाएवढे धरतो. पोराला वाटते, मासा एवढाच असतो! त्याने मोठा मासा पाहिलाच नाही. म्हणून काही गेले आहे हे त्याला कळतच नाही. डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने ही गोष्ट १९९५ साली जगापुढे मांडली. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते, तेच खरे माप धरून चालते. त्यामुळे हळूहळू होणारे नुकसान कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

यावर उपाय एकच. लिहून ठेवायचे. कोणता मासा, किती, कुठे, कधी.

समुद्रात हे काम कसे चालते ते आता पाहू. तिथे पाण्यात बुडी मारून मासे मोजणारे हजारो लोक आहेत. त्यांतले बहुतेक पगारी नोकर नाहीत. ते स्वयंसेवक आहेत. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी विद्यार्थी. त्यांनी माशांची ओळख शिकून घेतली. ती त्यांनी कशी शिकली, ते आपल्याही कामाचे आहे.

पोवळ्यांचे खडक

आपल्या नागपूर जिल्ह्याला समुद्र नाही. पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, कोकणात, समुद्र आहे. तिथे मालवण गाव आहे. मालवणसमोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याची पायाभरणी केली. या किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत आणि त्या खडकांवर पोवळी वाढतात.

पोवळ्याची माळ तुम्ही पाहिली असेल. पोवळे म्हणजे दगड नव्हे. पोवळे म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांचे घर. हे जीव चुनखडीसारखे कठीण घर बांधतात. एकाशेजारी एक अशी लाखो घरे होतात. हजारो वर्षांत त्यांचा मोठा खडक बनतो. त्याला प्रवाळ खडक म्हणतात.

प्रवाळ खडकात बिळे असतात, कपारी असतात, फांद्या असतात. लहान माशांना लपायला जागा मिळते. मोठ्या माशांना खायला मिळते. गावात बाजारपेठ असावी तशी ही समुद्रातली बाजारपेठच म्हणा ना! सगळ्या समुद्राच्या तळाचा विचार केला तर प्रवाळ खडकांची जागा शंभरातला एक हिस्साही भरत नाही. पण समुद्रातल्या जिवांच्या चार जातींपैकी एक जात तरी या खडकांच्या आश्रयाने राहते.

आपल्या देशात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात इथे मोठे प्रवाळ खडक आहेत. मालवणची जागा त्या मानाने लहान आहे. सरकारने १९८७ साली तिथे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर केले. मच्छीमारांनी त्याला विरोध केला. मासेमारी बंद झाली तर खायचे काय, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी म्हणता येत नाही. पोटाचा प्रश्न सगळ्यांत मोठा असतो.

आज मालवणच्या मच्छीमारांची कितीतरी मुले पाणबुड्याचे काम शिकली आहेत. ती पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन मासे व पोवळी दाखवतात. जवळच तारकर्ली इथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडे तयार करणारी संस्था आहे.

पाण्याखाली श्वास

तुम्ही म्हणाल, पाण्याखाली माणूस श्वास कसा घेतो?

पाणबुड्या पाठीवर लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची टाकी बांधतो. टाकीत हवा दाबून भरलेली असते. पुष्कळांना वाटते, टाकीत नुसता प्राणवायू असतो. तसे नाही. आपण रोज घेतो तीच साधी हवा असते. टाकीतून एक नळी तोंडाशी येते. डोळ्यांवर काचेचा चष्मा असतो, तो नाकही झाकतो. पायांत बदकासारखे रबरी पंजे असतात.

पाण्याला वजन असते. विहिरीत खोल बुडी मारली की कान दुखतात, ते याच वजनामुळे. दहा मीटर खोल गेले की अंगावर दुप्पट दाब येतो. म्हणून पाणबुड्याला दोन नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. पहिला नियम, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दुसरा नियम, वर येताना घाई करायची नाही. हे नियम मोडले तर जिवावर बेतते.

तिसरा नियम म्हणजे एकट्याने उतरायचे नाही. सोबतीला जोडीदार हवाच. पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून हाताच्या खुणा असतात. “ठीक आहे”, “हवा कमी झाली”, “वर चला” अशा साऱ्या खुणा पाठ कराव्या लागतात.

आणि लिहिणे? पाण्यात कागद भिजतो. म्हणून प्लॅस्टिकची पाटी घेतात. तिच्यावर साध्या शिसपेन्सिलीने लिहितात. पाण्याखालीही शिसपेन्सिल चालते. पाटी मनगटाला दोरीने बांधतात, म्हणजे वाहून जात नाही.

ओळख कशी पटते?

नवा माणूस पहिल्यांदा पाण्याखाली जातो तेव्हा गोंधळून जातो. चहूकडे मासेच मासे. निळे, पिवळे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे. कुठे पाहावे तेच कळत नाही. आपणही अक्षरे शिकू लागलो तेव्हा असेच झाले होते, नाही का? सगळी अक्षरे सारखीच दिसत होती. मग एक एक अक्षर ओळखीचे झाले. माशांचेही तसेच आहे.

शिकवणारे सांगतात, आधी रंगाच्या मागे लागू नका. पाण्यात रंग फसवतो. लाल रंग थोड्याच खोलीवर फिका पडतो. तांबडा मासा करडा दिसू लागतो. म्हणून तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, आकार कसा आहे? दुसरा प्रश्न, अंगावर ठळक खूण कोणती? तिसरा प्रश्न, तो करतो काय?

फुलपाखरू मासा पाहा. तो ताटलीसारखा चपटा असतो. पुष्कळदा त्याच्या डोळ्यावरून काळा पट्टा जातो. तो बहुधा जोडीने फिरतो. त्याच्या काही जाती पोवळ्याचे जीवच खातात. पोवळी मेली की हे मासे कमी होतात. म्हणून त्यांची संख्या पाहून खडकाची तब्येत कळते.

पोपट मासा पाहा. त्याला पोपटासारखी चोच असते. तो खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याच्या चावण्याचा आवाज पाण्याखाली ऐकू येतो. शेवाळ फार वाढले तर पोवळी गुदमरतात. पोपट मासा खडक साफ ठेवतो. शेतात निंदण करणारा मजूर, तसा हा मासा.

आता गोब्रा पाहा. गोब्रा म्हणजे जाड ओठांचा, मोठ्या तोंडाचा, भरल्या अंगाचा मासा. तो कपारीत दबा धरून बसतो. बाजारात त्याला चांगला भाव येतो. गोब्र्याच्या पुष्कळ जातींत एक नवल आहे. मासा आधी मादी असतो. वय वाढले, अंग वाढले की काही माद्यांचे नर होतात. म्हणजे मोठे मासे बहुतेक नर. लोक सगळे मोठे मासे धरून नेऊ लागले तर मागे काय उरणार? नुसत्या माद्या! मग पिल्ले कुठून होणार? म्हणून गोब्रा नुसता मोजून भागत नाही. त्याची लांबीही लिहावी लागते.

लांबी ओळखणेही सोपे नाही. पाण्यात वस्तू एक-तृतीयांशाने मोठी दिसते. ३० सेंटिमीटरचा मासा ४० सेंटिमीटरचा वाटतो. यासाठी शिकणाऱ्यांना पाण्याखाली मापाच्या काठ्या दाखवतात. त्यांनी लांबी सांगायची, मग खरे माप पाहायचे. असे पुन्हा पुन्हा केले की डोळा तयार होतो.

शेवटी परीक्षा होते. शिकवणारा आणि शिकणारा एकाच जागेचे मासे मोजतात. दोघांच्या पाट्या शेजारी ठेवतात. आकडे जुळले तर तो माणूस मोजणीला लायक झाला. नाही जुळले तर पुन्हा सराव.

मोजणीच्या दोन रीती

मोजणीच्या दोन रीती जगात पुष्कळ चालतात.

पहिली रीत सोपी आहे. अमेरिकेत फ्लोरिडा प्रांतात १९९० साली एक संस्था निघाली. तिच्या स्वयंसेवकांनी १९९३ पासून ही रीत चालवली. पाणबुड्याने खडकाभोवती फिरायचे. जी जात ओळखता येईल ती लिहायची. प्रत्येक मासा मोजायची गरज नाही. चारच वर्ग आहेत.

एकच दिसला तर “एक”.
२ ते १० दिसले तर “थोडे”.
११ ते १०० दिसले तर “पुष्कळ”.
१०० हून जास्त दिसले तर “अपार”.

दुसरी रीत जास्त काटेकोर आहे. ग्रेगर हॉजसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९६ साली ‘रीफ चेक’ नावाची संस्था काढली. तिची ही रीत. खडकावर १०० मीटर लांब फीत अंथरायची. तिचे २० मीटरचे चार तुकडे मोजायचे. मध्ये थोडी जागा सोडायची. फितीच्या दोन्ही बाजूंचे मिळून ५ मीटर रुंदीतले मासे मोजायचे. फीत अंथरताना मासे भितात, म्हणून आधी काही वेळ थांबायचे. मग सावकाश पुढे जायचे. मध्ये मध्ये थांबायचे, म्हणजे लपलेले मासे बाहेर येतात. या रीतीत सगळे मासे मोजत नाहीत. नेमून दिलेलेच मोजतात. गोब्रा ३० सेंटिमीटरहून मोठा असेल तरच मोजायचा. शाळेतली लांब पट्टी ३० सेंटिमीटरची असते. म्हणजे पट्टीहून मोठा गोब्रा.

दोन्ही रीतींत काही गोष्टी सारख्या आहेत. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकून द्यायचे नाही. पुढच्या वेळी तीच जागा, तोच हंगाम, तीच रीत ठेवायची. आणि मासा दिसला नाही तर शून्य लिहायचे. कोरी जागा सोडायची नाही. शून्य हीसुद्धा बातमी आहे. कोरी जागा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले आणि मासा नव्हता.

मोजून काय कळले?

१९९७ साली तीसेक देशांत सुमारे ३०० ठिकाणी अशी मोजणी झाली. शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक मिळून पाण्यात उतरले. तेव्हा कळले की पुष्कळ ठिकाणी पट्टीएवढा गोब्रा एकही उरला नाही. एखाद्या गावाला वाटत होते, आपल्याकडेच मासे कमी झाले. आता दिसले की हे दुखणे जगभर आहे.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, समुद्राचे पाणी फार तापले. पोवळी पांढरी पडली आणि पुष्कळ मेली. आपल्या लक्षद्वीपमध्येही तसे झाले. २०२४ सालीही जगभर पोवळी पांढरी पडली. जिथे आधीची नोंद होती, तिथेच किती नुकसान झाले ते नेमके सांगता आले.

पण मोजणी नेहमी वाईटच सांगते असे नाही. मेक्सिको देशात काबो पुल्मो नावाचे लहानसे गाव आहे. तिथले लोक मासेमारी करीत. मासे कमी झाले. तेव्हा गावकऱ्यांनीच पुढाकार घेतला आणि १९९५ साली तिथला समुद्र राखीव झाला. पाणबुड्यांनी १९९९ साली मासे मोजले. पुन्हा २००९ साली मोजले. दहा वर्षांत माशांचे एकूण वजन पाच पटींहून जास्त झाले होते. आकडा नसता तर हे कोणाला पटले असते? लोक म्हणाले असते, “असेल बाप्पा, तुमचे तुम्हाला ठाऊक!”

मालवणची गोष्ट आठवा. सरकार म्हणते मासे वाचवा, मच्छीमार म्हणतो माझे पोट वाचवा. अशा वेळी नुसता वाद करून निकाल लागत नाही. आकडा दोघांच्याही कामी येतो. मासे खरेच घटले असतील तर मच्छीमारालाही ते आधी कळायला हवे. घटले नसतील तर तेही त्याला वहीत दाखवता यायला हवे. ज्याच्याजवळ लिहिलेले असते त्याचे म्हणणे कचेरीत ऐकून घ्यावे लागते.

आपल्या पाण्यासाठी

आता आपल्या गावाकडे येऊ. नदीचे आणि तलावाचे पाणी पावसाळ्यात गढूळ असते. बुडी मारून मासे दिसणार नाहीत. त्याची गरजही नाही. आपल्याकडे जाळे आहे, टोपले आहे, आणि धीवराची नजर आहे. टोपल्यातले मासे मोजता येतात.

एक साधी वही घ्या. चार रकाने आखा. तारीख, जागा, माशाचे नाव, आणि किती. आपल्या गावात जे नाव चालते तेच लिहा. “एक, थोडे, पुष्कळ, अपार” हे चार वर्ग इथेही चालतील. सगळ्यांत मोठ्या माशाची लांबी पट्टीने मोजून लिहा. एकच जाळे, एकच जागा, आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस ठेवा. नुसते “मासे मिळाले” असे लिहू नका. समजा, टोपले पूर्वीसारखेच भरते, पण रोहू कमी आणि चिलापी जास्त झाली. नाव लिहिले नाही तर हा फरक दिसणार नाही.

ही नोंद जिथे मासे धरायची परवानगी आहे त्या पाण्यातच करायची. जंगलाच्या राखीव भागातल्या पाण्यात जाळे टाकू नये.

या वहीला सरकारी जागाही आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असायला हवी. गावातली झाडे, पिके, जनावरे, पक्षी, मासे यांची नोंदवही या समितीने ठेवायची असते. तिला लोकजैवविविधता नोंदवही म्हणतात. या कामाचे राज्याचे मंडळ नागपुरातच आहे. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, “आपल्या गावाची नोंदवही दाखवा. तिच्यात माशांची नावे किती आहेत?” नावे नसतील, तर जुन्या धीवर मामांना आणि मासे विकणाऱ्या आजींना बोलवा. त्यांनी सांगावे आणि तुम्ही लिहावे.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तिकडे समुद्राच्या तळाशी, पाठीवर टाकी बांधून, लोक पाटीवर माशांची नावे लिहितात. तुम्हाला तर तलावाच्या पाळीवर बसून लिहायचे आहे. पहिल्या पानावर आजची तारीख घाला. दहा वर्षांनी तुमचा मुलगा ती वही उघडेल. आपल्या पाण्यात काय होते आणि काय उरले, ते त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. वाघ कशावरून ओळखतात?
२. पाणबुड्याने कोणते तीन नियम पाळायचे?
३. मोठे गोब्रे सगळे धरून नेले तर काय होईल?
४. मासा दिसला नाही तर शून्य का लिहायचे?
५. आपल्या गावच्या तलावात किती जातींचे मासे आहेत? त्यांची नावे लिहा.